आवर्ती सिकाडा

आवर्ती सिकाडा हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्व व मध्य भागात आढळणारे, १३ किंवा १७ वर्षांचे जीवनचक्र असलेले कीटक आहेत. त्यांचा समावेश मॅजिसिकाडा या जातकुळीत होतो. या कीटकांची पिल्ले आयुष्याचा जवळजवळ सर्व काळ जमिनीखाली काढतात. ठरलेल्या वर्षी एका प्रदेशातील सर्व पिल्ले काही दिवसांच्या आत एकदम बाहेर पडतात आणि प्रौढ होऊन चार ते सहा आठवड्यांत मरतात. सध्या या जातकुळीत सात जाती मानल्या जातात. त्यांपैकी तीन १७ वर्षांच्या आणि चार १३ वर्षांच्या आहेत.

कीटकांची जाती कशी ठरवावी, या प्रश्नाच्या अभ्यासात आवर्ती सिकाडांना विशेष महत्त्व आहे. शरीराची ठेवण, नराचा आवाज, जीवनचक्राची लांबी आणि डीएनए हे चार निकष या कीटकांना लावले असता प्रत्येक निकषाने जातींची संख्या वेगळी येते.

## नाव

'सिकाडा' हा मूळ लॅटिन शब्द आहे. मराठीत या कीटकांना अनेकदा रातकिडे म्हटले जाते, परंतु रातकिडा हा वेगळ्या गणातील कीटक आहे. रातकिडे नाकतोडे व टोळ यांचे नातलग असून पंखांवर पंख घासून आवाज काढतात. सिकाडा हे तुडतुडे व मावा यांचे नातलग असून नर सिकाडाच्या पोटाच्या बुडाशी असलेल्या दोन ध्वनिपटलांच्या कंपनाने आवाज निर्माण होतो. सह्याद्रीच्या जंगलांत पावसाळ्यापूर्वी दिवसा ऐकू येणारा कर्कश, अखंड नाद सिकाडांचा असतो.

असाच गोंधळ अमेरिकेतही झाला. सतराव्या शतकात तेथे वसाहत करणाऱ्या युरोपीय लोकांना असंख्य कीटक एकदम बाहेर पडताना दिसले. बायबलमधील टोळधाडीची आठवण होऊन त्यांनी या कीटकांना टोळ म्हटले. 'सतरा वर्षांचे टोळ' हे नाव अमेरिकेत आजही ऐकू येते. प्रत्यक्षात सिकाडा पिके फस्त करत नाहीत. त्यांना चावून खाण्याचे मुखांग नसते, ते सोंडेने केवळ रस शोषतात.

## वर्गीकरणातील स्थान

आवर्ती सिकाडांचे स्थान पुढीलप्रमाणे आहे.

* संघ: आर्थ्रोपोडा (संधिपाद)
* वर्ग: इन्सेक्टा (कीटक)
* गण: हेमिप्टेरा (अर्धपंखी)
* उपगण: ऑकेनोऱ्हिंका
* अधिकुल: सिकाडॉइडिया
* कुल: सिकाडिडी
* उपकुल: सिकाडेटिनी
* जातकुळी: मॅजिसिकाडा

सिकाडॉइडिया अधिकुलात दोन कुले आहेत. सिकाडिडी कुलात ३,००० हून अधिक जातींची नोंद झाली आहे. टेटिगार्क्टिडी या दुसऱ्या कुलात आज केवळ दोन जाती जिवंत असून त्या ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात व टास्मानियात आढळतात.

वरच्या पायऱ्यांवरील वर्गीकरण मुखांगे, पंखांतील शिरा, जननेंद्रियांची रचना यांसारख्या लक्षणांवर आधारलेले आहे आणि त्याबद्दल फारसा मतभेद नाही. मतभेद सर्वांत खालच्या पायरीवर, म्हणजे जातीच्या पायरीवर आहे.

## वर्णन

प्रौढाच्या शरीराची लांबी सुमारे २.४ ते ३.३ सेंमी. असते. शरीर वरून काळे, डोळे लाल आणि पंख पारदर्शक असून त्यांच्या शिरा नारिंगी असतात. पोटाचा खालचा भाग जातीनुसार पूर्ण काळा, नारिंगी पट्ट्यांचा किंवा बहुतांशी नारिंगी असतो. एकाच वर्षी एकाच झाडावर आढळणाऱ्या जाती ओळखताना प्रथम हाच भाग पाहिला जातो. इतर बहुतेक सिकाडा, म्हणजे ज्यांचे प्रौढ दरवर्षी दिसतात ते, रंगाने हिरवट अथवा तपकिरी असल्यामुळे आवर्ती सिकाडा त्यांच्यापासून सहज वेगळे ओळखता येतात.

## जीवनचक्र

मादी झाडांच्या कोवळ्या फांद्यांना चिरा पाडून त्यांत अंडी घालते. एक मादी सुमारे ४०० ते ६०० अंडी घालते. सहा ते दहा आठवड्यांनी अंड्यांतून पिल्ले बाहेर पडतात, जमिनीवर गळून पडतात आणि मातीत शिरतात. तेथे ती झाडांच्या मुळांच्या प्रकाष्ठातील, म्हणजे पाणी वर वाहून नेणाऱ्या ऊतकातील, रस शोषतात. हा रस पोषणाच्या दृष्टीने अत्यंत निकस असतो. त्यात नसलेली अमिनो आम्ले कीटकाच्या शरीरातील सहजीवी जीवाणू पुरवतात. जमिनीखाली पिल्लू पाच अवस्थांतून जाते.

शेवटच्या वर्षी वसंत ऋतूत, सुमारे २० सेंमी. खोलीवरील मातीचे तापमान १८ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की पिल्ले सूर्यास्तानंतर बाहेर पडतात, झाडांवर चढतात आणि शेवटची कात टाकून प्रौढ होतात. काही ठिकाणी त्यांची संख्या एकरी १० लाखांहून अधिक भरते. पक्षी, खारी, कासवे, मासे इत्यादी भक्षक पोट भरेपर्यंत खाऊनही बहुसंख्य सिकाडा शिल्लक राहतात. एकदम बाहेर पडण्याचा मुख्य लाभ हाच मानला जातो. एकेकटा बाहेर पडलेला कीटक मात्र बहुधा भक्ष्यस्थानी पडतो.

पिल्ले वर्षे कशी मोजतात, याचा एक प्रयोग रिचर्ड कार्बन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात केला. त्यांनी १५ वर्षांची पिल्ले पीचच्या झाडांच्या मुळांवर सोडली आणि त्यांतील काही झाडांना एकाच वर्षात दोनदा बहर आणला. त्या झाडांखालील सिकाडा एक वर्ष आधी बाहेर पडले. पिल्ले काळ न मोजता झाडाच्या रसातील वार्षिक बदल मोजतात, असा निष्कर्ष या प्रयोगातून निघाला. हे संशोधन २००० साली प्रसिद्ध झाले.

ही मोजणी सर्वच पिल्लांची अचूक येत नाही. काही पिल्ले एक वर्ष किंवा चार वर्षे आधी अथवा नंतर बाहेर पडतात. २०२१ साली अपेक्षित असलेले अनेक सिकाडा वॉशिंग्टन शहराच्या परिसरात २०१७ सालीच बाहेर पडले होते. ही चार वर्षांची चूक जातींच्या उत्पत्तीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण १७ व १३ यांतील अंतरही चारच वर्षांचे आहे.

## वर्षगट

एका विशिष्ट वर्षी बाहेर पडणाऱ्या सर्व सिकाडांच्या समूहाला इंग्रजीत 'ब्रूड' म्हणतात. या लेखात त्यासाठी 'वर्षगट' हा शब्द वापरला आहे. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स मार्लेट यांनी वर्षगटांना रोमन क्रमांक देण्याची पद्धत घातली. १ ते १७ हे क्रमांक १७ वर्षांच्या आणि १८ ते ३० हे क्रमांक १३ वर्षांच्या चक्रातील एकेका वर्षासाठी होते. यांपैकी अनेक क्रमांकांच्या वर्षी प्रत्यक्षात सिकाडांचा स्वतंत्र समूह नसल्याचे पुढे आढळले. आज १७ वर्षांचे १२ आणि १३ वर्षांचे ३ (क्र. १९, २२ व २३) असे एकूण १५ वर्षगट अस्तित्वात आहेत.

वर्षगट ही जाती नव्हे. बहुतेक वर्षगटांत एकाहून अधिक जाती असतात आणि प्रत्येक जाती अनेक वर्षगटांत विभागलेली असते. वर्षगट क्र. १० मध्ये १७ वर्षांच्या तिन्ही जाती आहेत. तो २००४ व २०२१ साली बाहेर पडला आणि २०३८ साली पुन्हा अपेक्षित आहे. न्यूयॉर्क राज्यातील वर्षगट क्र. ७ मध्ये मात्र एकच जाती आढळते.

१३ व १७ वर्षांचे दोन ठरावीक वर्षगट २२१ वर्षांतून एकदाच एकाच वर्षी बाहेर पडतात. क्र. १३ (१७ वर्षांचा) व क्र. १९ (१३ वर्षांचा) हे १८०३ नंतर २०२४ साली एकत्र बाहेर पडले. त्यांचा पुढील योग २२४५ साली आहे. या दोन वर्षगटांच्या सीमा इलिनॉय राज्यात एकमेकींजवळ येतात.

## अभ्यासाचा इतिहास

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ पेर काल्म यांनी १७४९ साली पेन्सिल्व्हेनिया व न्यू जर्सी भागात हे कीटक बाहेर पडताना पाहिले आणि त्याचे वर्णन १७५६ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर कार्ल लिनीअस यांनी १७५८ साली 'सिस्टिमा नॅचुरी' ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत या कीटकाला सिकाडा सेप्टेनडेसिम असे नाव दिले. लॅटिन भाषेत सेप्टेनडेसिम म्हणजे सतरा. त्यामुळे या कीटकाच्या शास्त्रीय नावात सुरुवातीपासूनच जीवनचक्राची लांबी आली.

मेरीलँडमधील स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी व खगोलगणिती बेंजामिन बॅनेकर यांनी १७४९, १७६६ व १७८३ साली सिकाडा पाहिल्याचे आणि १८०० साली त्यांचे पुनरागमन अपेक्षित असल्याचे आपल्या टिपणवहीत नोंदवले. एकाच माणसाने सलग अनेक चक्रांची केलेली ही सुरुवातीच्या नोंदींपैकी एक नोंद आहे.

१८५२ साली जे. सी. फिशर यांनी आकाराने लहान व काळ्या पोटाच्या सिकाडांची स्वतंत्र जाती मानून तिला पक्षिशास्त्रज्ञ जॉन कॅसिन यांच्यावरून कॅसिनी असे नाव दिले. दक्षिणेकडील सिकाडांचे चक्र १३ वर्षांचे असल्याचे मिसिसिपीतील डी. एल. फेअर्स यांनी १८४५ साली लिहिले होते. १८६८ साली बेंजामिन वॉल्श व चार्ल्स रायली यांनी त्यांना ट्रेडेसिम, म्हणजे तेरा, हे नाव दिले. मॅजिसिकाडा ही जातकुळी विल्यम टी. डेव्हिस यांनी १९२५ साली स्थापन केली.

## जाती

रिचर्ड अलेक्झांडर व थॉमस मूर यांनी १९६२ साली मिशिगन विद्यापीठातून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा जाती मानल्या. डेव्हिड मार्शल व जॉन कूली यांनी २००० साली सातवी जाती वर्णन केली. या सात जाती तीन जातिसमूहांत मोडतात.

डेसिम समूह (आकाराने मोठे, पोटाखाली नारिंगी रंग, आवाज खालच्या पट्टीतील व एकसुरी, शेवटी उतरता)
* मॅजिसिकाडा सेप्टेनडेसिम: १७ वर्षे, लिनीअस, १७५८
* मॅजिसिकाडा ट्रेडेसिम: १३ वर्षे, वॉल्श व रायली, १८६८
* मॅजिसिकाडा निओट्रेडेसिम: १३ वर्षे, मार्शल व कूली, २०००

कॅसिनी समूह (लहान, पोट बहुधा पूर्ण काळे, टिकटिक व त्यापाठोपाठ वरच्या पट्टीतील झणझणाट)
* मॅजिसिकाडा कॅसिनी: १७ वर्षे, फिशर, १८५२
* मॅजिसिकाडा ट्रेडेकॅसिनी: १३ वर्षे, अलेक्झांडर व मूर, १९६२

डेक्युला समूह (लहान, पोटाखाली अरुंद नारिंगी पट्टे, तालबद्ध तुटक आवाज)
* मॅजिसिकाडा सेप्टेनडेक्युला: १७ वर्षे, अलेक्झांडर व मूर, १९६२
* मॅजिसिकाडा ट्रेडेक्युला: १३ वर्षे, अलेक्झांडर व मूर, १९६२

## जाती ठरवण्याचे निकष

### शरीररचना

प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रत्येक जातीचे नाव एका प्रमाण नमुन्याशी बांधलेले असते. हा नमुना बहुधा संग्रहालयात ठेवलेला मृत कीटक असतो आणि इतर कीटकांची त्याच्याशी तुलना केली जाते. केवळ हा निकष लावल्यास आवर्ती सिकाडांचे तीन समूह स्पष्टपणे वेगळे होतात. परंतु कॅसिनी व ट्रेडेकॅसिनी, तसेच सेप्टेनडेक्युला व ट्रेडेक्युला, यांना नमुन्यावरून एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाही.

### आवाज

सिकाडांमध्ये नराचा आवाज हे मादीसाठी स्वजातीच्या ओळखीचे साधन असते. आवर्ती सिकाडांची मादी आपल्या जातीच्या नराच्या आवाजाला ठरावीक क्षणी पंख फडकवून उत्तर देते आणि नर त्या दिशेने सरकतो. त्यामुळे आवाजातील फरक हा संकरातील प्रत्यक्ष अडथळा ठरतो. मृत नमुन्यात न मिळणारे हे लक्षण ध्वनिमुद्रणामुळे वर्गीकरणात वापरता येऊ लागले. अलेक्झांडर व मूर यांनी डेक्युला समूह वेगळा काढताना आवाजाचा मोठा आधार घेतला.

निओट्रेडेसिम ही जातीही आवाजामुळेच लक्षात आली. ट्रेडेसिमचा मुख्य स्वर सुमारे १.१ किलोहर्ट्झ असतो, तर निओट्रेडेसिमचा त्याहून वरचा असतो. या दोन जाती जेथे एकत्र राहतात तेथे निओट्रेडेसिमचा स्वर सुमारे १.७ किलोहर्ट्झपर्यंत चढलेला आढळतो. जेथे ट्रेडेसिम नाही तेथे तो सुमारे १.४ किलोहर्ट्झ असतो. चुकीच्या जातीशी मीलन टाळणाऱ्या कीटकांना लाभ मिळत गेल्याने हा फरक वाढला, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

### जीवनचक्राची लांबी

अलेक्झांडर व मूर यांनी १३ व १७ वर्षांच्या सिकाडांना वेगळ्या जाती मानले. दिसण्यात व आवाजात फरक नसला तरी त्यांचे प्रौढ क्वचितच एका वेळी जिवंत असतात, हे त्यामागील कारण होते. या युक्तिवादावर एक आक्षेप असा आहे की तोच न्याय लावल्यास प्रत्येक वर्षगटाला स्वतंत्र जाती मानावे लागेल. वर्षगट क्र. १० व क्र. १४ दोन्ही १७ वर्षांचे आहेत, पण पहिला २०२१ साली व दुसरा २०२५ साली बाहेर पडला. त्यांचे प्रौढ एका वेळी कधीच नसतात.

यावर असे उत्तर दिले जाते की समान चक्राच्या वर्षगटांतील विभागणी पक्की नसते. आधी किंवा नंतर बाहेर पडणारे कीटक एका वर्षगटातून दुसऱ्यात जातात आणि त्यांची संतती तेथे त्याच चक्रात मिसळून जाते. १३ व १७ वर्षांच्या सिकाडांमध्ये मात्र चक्राची लांबीच भिन्न असते. तरीही, चक्राच्या लांबीवरून जाती वेगळी करावी का, याबद्दल अभ्यासकांत पूर्ण एकमत नाही.

### डीएनए

अँड्र्यू मार्टिन व क्रिस सायमन यांना १९८८ साली असे आढळले की मध्य-पश्चिमेकडील काही १३ वर्षांच्या सिकाडांचा तंतुकणिकांतील डीएनए दक्षिणेकडील १३ वर्षांच्या सिकाडांशी जुळत नाही, तो १७ वर्षांच्या सेप्टेनडेसिमशी जुळतो. हेच सिकाडा पुढे निओट्रेडेसिम म्हणून ओळखले गेले. १७ वर्षांच्या कीटकांचे चक्र चार वर्षांनी कमी होऊन ही जाती निर्माण झाली, असा त्याचा अर्थ लावला जातो.

जपानी व अमेरिकी संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार डेसिम समूहाचा पूर्वज सुमारे ३९ लाख वर्षांपूर्वी इतरांपासून वेगळा झाला आणि कॅसिनी व डेक्युला हे समूह सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी विभक्त झाले. १३ व १७ वर्षांच्या सिकाडांची फारकत तिन्ही समूहांत स्वतंत्रपणे आणि त्यानंतर बऱ्याच काळाने झाली. म्हणजे सर्व १३ वर्षांचे सिकाडा मिळून एक कुळी होत नाही. प्रत्येक १३ वर्षांच्या जातीचे सर्वांत जवळचे नाते आपल्याच समूहातील १७ वर्षांच्या जातीशी आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील संशोधनात या जोड्यांमध्ये जनुकांची देवाणघेवाण झाल्याच्या खुणाही आढळल्या.

या निकषांवरून केवळ रूप पाहिल्यास तीन समूह दिसतात, तर चक्राची लांबी व डेसिम समूहातील आवाज विचारात घेतल्यास सात जाती होतात. सध्या सात ही संख्या सर्वसाधारणपणे वापरली जाते.

## इतर आवर्ती सिकाडा

मेघालयातील री-भोई जिल्ह्यात दर चार वर्षांनी एकदम बाहेर पडणारा सिकाडा आढळतो. २०१३ साली त्याचे क्रेमिस्टिका रिभोई या नावाने नवी जाती म्हणून वर्णन करण्यात आले. स्थानिक लोक त्याला निआंगतासेर म्हणतात आणि अन्न म्हणून गोळा करतात. फिजीमधील नानाई या सिकाडाचे चक्र आठ वर्षांचे आहे. हे दोन्ही सिकाडा मॅजिसिकाडाचे जवळचे नातलग नाहीत, त्यामुळे एकदम बाहेर पडण्याची सवय या कुलात एकाहून अधिक वेळा निर्माण झाली असली पाहिजे.

## संवर्धन

आवर्ती सिकाडांची पिल्ले झाडांच्या मुळांवर जगत असल्यामुळे जंगलतोड किंवा बांधकाम झाल्यास त्या जागेवरील संपूर्ण पिढी नष्ट होते. प्रौढ फार दूर उडत जात नाहीत, म्हणून रिकामी झालेली जागा पुन्हा भरण्यास अनेक चक्रे लागू शकतात. शिवाय संख्या एका मर्यादेखाली गेली की भक्षकांना पुरून उरण्याचा लाभ संपतो आणि उरलेला समूहही टिकत नाही.

१३ वर्षांचा वर्षगट क्र. २१ हा १८७० साली शेवटचा नोंदवला गेला. १७ वर्षांचा वर्षगट क्र. ११ कनेटिकट नदीच्या खोऱ्यात १९५४ साली शेवटचा दिसला. दोन्ही आता नामशेष मानले जातात. या दोन घटनांनंतरही जातींच्या यादीत कोणताही बदल झाला नाही, कारण त्या वर्षगटांतील जाती इतर वर्षगटांत शिल्लक आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत १७ वर्षांच्या तिन्ही जातींची 'संकटसमीप' या वर्गात नोंद आहे. ही यादी जातींची असल्याने तीत वर्षगटांची स्वतंत्र नोंद होत नाही.

न्यूयॉर्क राज्यातील वर्षगट क्र. ७ या दृष्टीने लक्षणीय आहे. तो ओनोंडागा या आदिवासी राष्ट्राच्या भूमीवर आणि आसपासच्या मोजक्या ठिकाणी उरला आहे. १७७९ साली अमेरिकी सैन्याने ओनोंडागांची वस्ती व पिके नष्ट केल्यानंतरच्या उपासमारीत हे सिकाडा खाऊन आपले पूर्वज जगले, अशी त्यांची परंपरा आहे. सिकाडा बाहेर पडतात तेव्हा आजही त्या स्मरणार्थ ते खाल्ले जातात. हा वर्षगट २०१८ साली बाहेर पडला असून पुढे २०३५ साली अपेक्षित आहे. त्यातील एकमेव जाती, सेप्टेनडेसिम, इतर अनेक वर्षगटांतही आढळते. त्यामुळे हा वर्षगट संपल्यास जातींची संख्या सातच राहील, परंतु न्यूयॉर्कच्या या भागातून आवर्ती सिकाडा कायमचे नाहीसे होतील.